अचानक गप्प झालेला पंप

माझ्या ताईला हसू आवरत नाही. बाकी बाई सरळ, हुशार, दिलेल्या वेळेला हजर. पण हसू आलं की संपलं. आधी नाक फेंदारतं, मग खांदे हलायला लागतात आणि मग ती जिथे असेल तिथे खाली बसते. स्वतःच्या लग्नाच्या कागदावर सही करताना ती इतकी हसली की नोंदणी अधिकाऱ्यांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला नक्की करायचंय ना हे?" शेजारी भाऊजी कडक इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे होते. ते म्हणाले, "तिला करायचंय. तुम्ही पेन द्या." या एका प्रसंगात आमचे भाऊजी पूर्ण कळतात, त्यामुळे त्यांचं वेगळं वर्णन मी करत नाही.

मी ताईची धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी "आठ दिवस राहते" म्हणून त्यांच्या घरी आले ती अजून तिथेच आहे. एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते आणि संध्याकाळी घरी येऊन या दोघांच्या तोंडाकडे बघते. करमणूक संध्याकाळीच जास्त होते.

ताई काय करते असं कुणी विचारलं की मी सांगते, पाच वीजकेंद्रांचं भविष्य सांगते. तिच्या ऑफिसात एक लांबट, बिनखिडकीची खोली आहे. भिंतीवर पाच पडदे, आणि एक टेबल, ज्याचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली जुनी नियमावली सरकवलेली. नियमावलीचा तेवढा एकच उपयोग झालेला मी पाहिला आहे. पाच केंद्रं, पाच मालक, पण आतले पंप, पंखे, मोटारी जवळजवळ सारख्या. पूर्वी प्रत्येक जण आपापलं यंत्र मोडेपर्यंत वाट बघायचा आणि मग धावाधाव करायचा. एका केंद्रात असे मोठे बिघाड वर्षाला दोन नाहीतर तीन. तेवढ्यावरून शिकणार काय? मग पाचही जणांनी ठरवलं की आपापले आकडे एकत्र टाकायचे. कुठला पंप किती तापला, किती थरथरला, आणि शेवटी केव्हा गेला. या सगळ्या ढिगातून ताईचा एक प्रोग्रॅम शिकत राहतो, आणि एखाद्या यंत्राची लक्षणं कुठल्यातरी मेलेल्या यंत्रासारखी दिसायला लागली की कळवतो.

ताई त्याला कौतुकाने "आमचं बाळ" म्हणते. केंद्रांतली माणसं त्याला चुगलखोर म्हणतात. मीही चुगलखोरच म्हणते, कारण बाळ म्हणण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. सकाळी ब्रश तोंडात धरून ताई फोनवर बघते, दोन नंबरच्या डाव्या पंख्याची रात्र कशी गेली, पाच नंबरच्या मोटारीचा ताप उतरला का. सख्ख्या मावशीची चौकशी तिने कधी इतकी केली नाही.

भाऊजी तीन नंबरच्या केंद्रात देखभाल विभागाचे प्रमुख आहेत. म्हणजे त्यांच्या यंत्रांवर बायकोची नजर. बायका नवऱ्यावर लक्ष ठेवतात त्या फुकट, ताईला त्याचा पगार मिळतो. घरात भांडणं नकोत म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला होता की ऑफिसचं बोलणं चपलांच्या कपाटापाशी ठेवायचं, आत आणायचं नाही. बरेच दिवस हा नियम दोघांनी पाळलाही.

तीन नंबरच्या फाटकावर एक पाटी आहे. "केंद्र न थांबता चाललेले दिवस" असं लिहिलेलं आणि खाली बदलता येणारे आकडे. भाऊजींचा जीव त्या पाटीत अडकलेला. नऊशेच्या पुढे गेल्यापासून तर ते रोज घरात शिरताना आधी आकडा सांगायचे, मग "चहा आहे का" विचारायचे. पाचही केंद्रांत मिळून आजवर कुणी हजार गाठलेला नव्हता. हजाराव्या दिवशी सगळ्या कामगारांच्या घरच्यांना बोलावून पंपघरात छोटासा कार्यक्रम करायचा असं ठरलं होतं. भाऊजी न्हाणीघराच्या आरशासमोर भाषणाची तालीम करायचे. दार बंद असायचं, पण आवाज येतोच. "बंधू आणि भगिनींनो" एवढंच त्यांनी अकरा वेगवेगळ्या प्रकारे म्हणून पाहिलं, मी मोजलं.

आणि नऊशे सत्त्याऐंशीव्या दिवशी चुगलखोराने तोंड उघडलं.

त्याचं म्हणणं होतं की तीन नंबरचा बॉयलरला पाणी पुरवणारा पंप आता लवकरच मोडणार, त्याचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग जाणार. असे पंप दोन असतात, एक चालतो आणि एक विश्रांती घेतो. पण तीन नंबरचा दुसरा पंप दुरुस्तीसाठी सुटा करून ठेवला होता आणि त्याचे भाग यायला अजून तीन आठवडे होते. चालू पंप थांबवायचा म्हणजे सगळं केंद्र थांबवायचं आणि पाटीवर शून्य लावायचं. ताईने नियमाप्रमाणे फोन लावला. मी त्या दिवशी तिला डबा द्यायला गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

"नमस्कार. तीन नंबर, देखभाल विभाग? विश्लेषण कक्षातून बोलतेय."

"बोला मॅडम," भाऊजी म्हणाले. सकाळी याच माणसाने हिच्याकडे मोजे मागितले होते.

ताईने पंपाचं सांगितलं. 

"मॅडम, तुम्ही आकडे बघितलेत का? परवापासून थरथर निम्म्यावर आलीय. इतका गुणी पंप मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तुमच्या चुगलखोराला म्हणावं, यंत्र बरं झालं की अभिनंदन करतात, श्रद्धांजली वाहत नाहीत."

ताईचं नाक फेंदारलं. मी घाईने तिला खुर्ची दिली.

गंमत अशी की भाऊजींचं खरं होतं. आकडे खरंच सुधारले होते. आलेख आठवडाभर हळूहळू चढत होता आणि नऊशे पंचाऐंशीव्या दिवशी धपकन खाली आला. ताईला स्वतःलाच पटेना. थरथर वाढली की धोका हे तिला बारा वर्षं माहीत. थरथर कमी झाली म्हणून बोंब मारणारा प्रोग्रॅम म्हणजे चक्क वेडा झालेला प्रोग्रॅम. तिने दोन दिवस त्याच्या चुका शोधल्या. एकही सापडली नाही. उलट सापडलं ते असं की पाचही केंद्रांचे मिळून अशा पंपांचे चौदा बिघाड नोंदलेले होते, आणि त्यातल्या नऊ वेळा मोडण्याआधी पंप असाच अचानक शांत झाला होता. शांत झाल्यापासून कधी सहाव्या दिवशी, कधी सोळाव्या दिवशी, पण गेला होता. कुणा एका केंद्राच्या लक्षात हे येणं शक्यच नव्हतं, कारण प्रत्येकाच्या वाट्याला असे एक-दोनच आले होते.

"पण असं का?" ती जेवताना म्हणाली आणि लगेच जीभ चावली, कारण भाऊजी समोर होते. भाऊजींनी शांतपणे चपलांच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून ते दोघं माझ्यामार्फत बोलायला लागले. "तुझ्या ताईला सांग, पंप मजेत आहे." "तुझ्या भाऊजींना सांग, नऊ जण असेच मजेत होते." मी मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवत जेवायचे. तिसऱ्या दिवशी माझी मान धरली.

शेवटी मीच वैतागून म्हणाले, "यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्याकडे माणूस दात ठणकतो म्हणून येतो, वेळ घेतो आणि ऐन दिवशी फोन करून सांगतो, आता दुखत नाही, बरा झाला, येत नाही. डॉक्टर अशा वेळी खूश होत नाहीत. दुखणारा दात अचानक गप्प झाला म्हणजे एक तर आतली नस मेली, नाहीतर गड्याने गोळी खाल्ली."

भाऊजींच्या हातातला घास हातातच राहिला. ते मला तेव्हा दिसलं, पण मी त्याचं श्रेय माझ्या बोलण्याच्या शैलीला दिलं.

ताई मात्र दुसऱ्या दिवसापासून गोळीच्या मागे लागली. यंत्राला गोळी कोण देणार? तिने बाकी चारही केंद्रांना फोन केले. तुमचा पंप मोडला त्याच्या आधी कुणी त्याला काही केलं होतं का? चौघांचं उत्तर एकच. "छे हो बाई, काही नाही." लॉगबुकं चाळली. "केलेले तात्पुरते उपाय" या रकान्यात सगळीकडे स्वच्छ अक्षरात एकच शब्द, "नाही". ताईला हाच शब्द खुपला. ती म्हणाली, "खरंच काही केलं नसतं ना, तर एखादा तरी रकाना रिकामा सोडतो. इतक्या काळजीने 'नाही' कोण लिहितं?"

शनिवार आला. पाटीवर नऊशे शहाण्णव. आमचा दवाखाना शनिवारी अर्धा दिवस असतो, म्हणून दुपारी ताईने मला बरोबर घेतलं आणि आम्ही थेट तीन नंबरला गेलो. मला कशाला नेतेस असं विचारलं तर म्हणाली, "मला कुणीतरी असं हवंय ज्याला यातलं काहीही कळत नाही." मी अपमान वाटून घेतला नाही, कारण हेल्मेट घालायला मिळणार होतं.

पंपघर म्हणजे उंच छताची, गरम, तेलकट वासाची जागा. आवाज इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. भाऊजी स्वागताला पुढे आले. मुलगी दाखवायला आणल्यासारखा त्यांनी आम्हाला पंप दाखवला. हिरवा रंग, लख्ख पुसलेला, शेजारी तेल घालणारे एक काका स्टुलावर बसलेले. ताईने बेअरिंगच्या पेटीवर तळहात ठेवला. खरंच शांत होता. तिचा चेहरा पडला, आणि मला तिची फार दया आली, कारण नऊ दिवस तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

मी आपली इकडेतिकडे बघत होते. बेअरिंगची पेटी आणि शेजारचा लोखंडी खांब यांच्यामधल्या फटीत काहीतरी घट्ट बसवलेलं होतं. खांबाच्याच राखाडी रंगाने रंगवलेलं, पण रंग ताजा दिसत होता. मी नखाने खरवडलं. लाकूड होतं.

"भाऊजी," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "सगळं लोखंडाचं, मग इथे हे लाकूड कशाला?"

भाऊजींनी वर छताकडे पाहिलं. तेलवाल्या काकांनी तेलाच्या डब्यात पाहिलं. दोघांनाही तिथे फार महत्त्वाचं काहीतरी दिसत असावं, कारण बराच वेळ कुणी मान हलवली नाही.

ताईने वाकून ती पाचर पाहिली. मग भाऊजींकडे पाहिलं. मग तिचं नाक फेंदारलं, खांदे हलायला लागले, आणि ती अवजारांच्या पेटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं बाळ वेडं नव्हतं. पंपाला कुणीतरी खरंच गोळी दिली होती.

आम्ही शेजारच्या काचेच्या खोलीत गेलो, तिथे ऐकू येतं. भाऊजींनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मीच मारली पाचर," ते म्हणाले. "नऊशे पंचाऐंशीला. थरथर वाढत होती. पाचर मारली की पेटी हलत नाही, सेन्सर गप्प बसतो. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं. सगळेच करतात, लिहीत कुणी नाही. फक्त पंधरा दिवस ढकलायचे होते गं. हजार झाले की त्याच संध्याकाळी उघडणार होतो. रंगही मीच दिला."

"रंग छान दिलाय," ताई म्हणाली. ती अजून डोळे पुसत होती. "आता थांबवा पंप."

"चार दिवस."

"अहो, आतलं बेअरिंग तसंच झिजतंय. फक्त ओरडायचं थांबलंय."

"चारच दिवस. अडीच वर्षांत चार दिवस म्हणजे काय?"

मला वाटलं आता ती चिडणार. ताई चिडली नाही. तिने टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर सहापासून सोळापर्यंतचे आकडे लिहिले. "नऊच्या नऊ पंप यातल्या कुठल्यातरी दिवशी गेलेत. आज तुमचा अकरावा. हजाराचा कार्यक्रम पंधराव्या दिवशी येतो. त्या दिवशी इथे सगळ्यांच्या घरची माणसं असणार, मी असणार, ही असणार. मला एवढंच सांगा, मी कुठे उभी राहू? पंपापासून किती लांब? तुम्ही सांगाल तिथे उभी राहीन."

भाऊजींनी कागदावरच्या पंधरा या आकड्यावर बोट ठेवलं.  मला रडू यायला लागलं आणि हेल्मेट डोळ्यांवर घसरल्यामुळे ते पुसता येईनात. मग ते उठले, फोन उचलला आणि कंट्रोल रूमला म्हणाले, "केंद्र खाली घ्या. हो, पूर्ण. माझ्या जबाबदारीवर." पलीकडच्या माणसाने बहुतेक तारखेची आठवण करून दिली असावी. "मला मोजता येतं," भाऊजी म्हणाले आणि फोन ठेवला.

केंद्र थांबायला संध्याकाळ झाली. फाटकावरच्या रखवालदाराचा दोनदा फोन आला की पाटीचं काय करायचं. दुसऱ्या वेळी भाऊजी स्वतः जाऊन आकडे बदलून आले.

रविवारी दुपारी पंप थंड झाल्यावर उघडला. मी हट्टाने पुन्हा गेले होते. तेलवाल्या काकांनी बेअरिंग बाहेर काढून फडक्यावर ठेवलं. बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या जागच्या जागी धरून ठेवणारी पितळी कडी तीन ठिकाणी तुटली होती, आणि तेलात पितळेचा चुरा चमकत होता. काका म्हणाले, "याने मंगळवारही पाहिला नसता." हजारावा दिवस बुधवारी होता.

मग नोंद करायची वेळ आली. ही नोंद पाचही केंद्रांना जाते. ताई भाऊजींच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसली. "केलेले तात्पुरते उपाय" या रकान्याशी येऊन तिची बोटं थांबली.

"पाचर होती असं लिहिते," ती म्हणाली. "कुणी मारली ते लिहायलाच हवं असं काही नाही."

"लिही. लाकडी पाचर. देखभाल प्रमुखांनी स्वतः मारली, अकरा दिवस ठेवली, लपवण्यासाठी रंग दिला."

"रंगाचं राहू द्या हो."

"रंगाचंच मुख्य आहे," भाऊजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज स्पष्ट होता. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी त्यांचा थंड झालेला चहा उचलून स्वतःच पिऊन टाकला, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

नोंद गेली. अर्धा तास काहीच आलं नाही. भाऊजी खिडकीशी उभे राहून बाहेरचं रिकामं आवार बघत होते. मग पडद्यावर एक ओळ उमटली. एक नंबर केंद्र: दोन वर्षांपूर्वीच्या बिघाडाची नोंद दुरुस्त करत आहोत; पाचर नव्हती, लोखंडी पट्टी होती. लगेच पाच नंबर: आमच्याकडे दोन्ही वेळा पाचर, सागाची. दोन नंबरने तर जुना राग निघाल्यासारखी यादीच पाठवली. सेन्सरखाली रबर ठेवलं होतं, एका मोटारीपुढे टेबलफॅन लावला होता, आणि एक सेन्सर "चुकून" शेजारच्या चांगल्या पंपावर बसवला होता. ताई एकेक ओळ मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. भाऊजी आधी नुसतेच वळून बघत होते, मग ते हसायला लागले, मग तेलवाले काका दारात आले आणि कारण न विचारता तेही हसायला लागले. टेबलफॅनपाशी मला उचकी लागली. बिनखिडकीच्या खोलीत बसून जे ताईला दहा जन्मांत कुणी सांगितलं नसतं, ते आता न विचारता येऊन पडत होतं.

तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला. चार नंबरच्या शिफ्ट इंजिनिअर होत्या, आवाजावरून माझ्याहूनही लहान. ताईने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"मॅडम, तीन नंबरची नोंद वाचली. आमच्याकडे आत्ता आहे."

"काय आहे?"

"पाचर. पाणी पुरवणाऱ्या पंपालाच. दहा दिवस झाले. त्याचा सेन्सर महिनाभर बंद आहे, म्हणून तुमच्याकडे काही दिसलं नसेल. हादरे बसायला लागले म्हणून शिफ्टच्या लोकांनी मारली. मला माहीत होतं, मी लिहिलं नाही."

ताई हसायची थांबली. "पंप चालू आहे?"

"हो. समोरच आहे. दोघं जण शेजारीच काम करतायत."

"आधी त्या दोघांना बाहेर काढ. मग दुसरा पंप घे आणि हा बंद कर."

मला वाटलं, आता सुरू होणार. आकडे, आलेख, ते नऊ पंप, "मॅडम, पण". आमच्या घरात याला नऊ दिवस आणि माझी मान लागली होती. पण पलीकडून फक्त "बरं" असं आलं, मग तिचं कुणालातरी मोठ्याने हाक मारणं, लोखंडी जिन्यावरची पावलं, एक दार. मग तिच्यामागचा तो मोठा घुंईं आवाज उतरायला लागला. उतरता उतरता मधेच त्यात धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज झाला, काहीतरी खळखळून पडलं, आणि सगळं थांबलं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. तो आवाज कशाचा ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

"मॅडम?" ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "बंद झाला. आम्ही सगळे बाहेर आहोत. ते दोघंही."

"त्या दोघांची नावं काय?" ताईने विचारलं.

"त्यांची काही चूक नाही मॅडम, मीच..."

"चुकीसाठी नाही गं. मला ऐकायची आहेत."

तिने दोन्ही नावं सांगितली. ताईने ती सावकाश कागदावर लिहून घेतली.